सहा हजार मोहरा आणि चाळीस घरांचे गाव

गोव्यातल्या फोंड्यात आमचा सहा जणांचा गट एक रविवार सोडून एका रविवारी दुपारी जमतो आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांचा, कागद-पेन्सिलीचा आणि मुख्यत्वे बोलण्याचा खेळ मराठीतून खेळतो. गटात एक बँकेत काम करणारे गृहस्थ आहेत, ज्यांना वयाच्या मानाने सगळे भाई म्हणतात. एक औषधविक्रेती आहे, दोन अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत आणि एक तिसवाडीतल्या खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांधाआड होणाऱ्या भातशेतीच्या, घरातला तरुण आहे. डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची जागा माझ्याकडे असल्यामुळे त्या काल्पनिक जगातली गावे, माणसे, संकटे आणि बाजारभाव या सगळ्यांचा जाब मलाच द्यावा लागतो. पुढे मांडलेले प्रकरण यातल्या शेवटच्या बाबीचे आहे. ते सविस्तर लिहिण्याचे कारण इतकेच की आमच्या मोहिमेत पाच पात्रांच्या तलवारींनी जे झाले नाही ते त्यांच्या खरेदीने झाले, आणि ते कसे झाले याचा हिशेब माझ्या वहीत आकड्यांसह शिल्लक आहे.

खेळाचे जग कल्पनेतले असले तरी त्याची जमीन मी ओळखीची ठेवली आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी भरती-ओहोटीची खाडी, खाडीकाठाने माती, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध, बांधाआड भाताची खाजने, पाणी आत-बाहेर करणारी मानस, म्हणजे बांधातली झडपेची दारे, आणि या सगळ्याची निगा सामाईकपणे राखणारे चाळीस घरांचे गाव, असा तो मुलूख आहे. चौथ्या बैठकीत खेळाडूंनी घाटावरच्या लेण्यातला म्हातारा नाग मारला आणि त्याच्याखालून सहा हजार मोहरा काढल्या. पाचव्या बैठकीत, खेळातल्या ज्येष्ठ महिन्याच्या सुरुवातीला, ते गावात उतरले आणि पाऊस लागण्याआधी दुसऱ्या लेण्याकडे वीस दिवसांची मोहीम काढण्यासाठी सामान घेऊ लागले.

त्यांची यादी साधी होती. पाच पात्रे आणि दहा हमाल अशा पंधरा जणांची वीस दिवसांची शिधासामग्री, हमालांची मजुरी, तीनशे फूट दोर, जाळीची दोन चिलखते, चार कंदील आणि तेलाच्या साठ कुप्या. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमपुस्तकात या सगळ्यांचे भाव छापलेले आहेत आणि तिथे एका मोहरेची दहा चांदीची व शंभर तांब्याची नाणी होतात. शिध्याचे १५० मोहरा, मजुरीचे ४०, दोराचे ६, चिलखतांचे १५०, कंदिलांचे २० आणि तेलाचे ६, मिळून ३७२ मोहरा झाल्या. या खरेदीला सात मिनिटे लागली. विद्यार्थ्यांपैकी एकाने आकडा वजा करून ५,६२८ लिहिलेही होते, तेव्हा भाईंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, ‘‘हे सगळे ठीक; पण मोहरेचे सुटे या गावात कोण देणार, आणि ही दोन चिलखते कुठल्या घरात पडून होती?’’

मला उत्तर देता आले नाही. बैठक तिथेच थांबवून मी वही घरी आणली.

छापील भावांत काय दडले आहे

पहिली गोष्ट वजनाची. त्याच नियमपुस्तकाप्रमाणे पन्नास नाण्यांचे एक पौंड भरते, म्हणजे एक नाणे साधारण नऊ ग्रॅमचे होते, आणि सहा हजार मोहरांचे १२० पौंड, म्हणजे ५४ किलोंहून अधिक वजन होते. खेळाडूंनी आपल्या कागदावर ‘सोन्याच्या चार गोण्या’ असे लिहिले होते. सोन्याची घनता लक्षात घेतली तर तेवढे सोने वितळवून ओतल्यास तीन लिटरही भरणार नाही, आणि सुट्या नाण्यांमधली पोकळी धरली तरी साडेचार-पाच लिटरच्या एका तांब्याच्या कळशीत ते मावेल. चार गोण्यांचे चित्र त्यामुळे निकालात निघाले आणि त्याच्या जागी एक कळशी आली, जी दिसायला पाणवठ्यावरच्या कोणत्याही कळशीसारखी आहे, पण कडेवर घ्यायला गेल्यास माणूस वाकतो आणि गळ्याला धरून उचलल्यास गळाच हातात येतो. माझ्या मते या एका आकड्याने खेळात जितका जिवंतपणा आणला तितका नागाच्या सगळ्या वर्णनाने आणला नव्हता.

दुसरी गोष्ट भावांच्या आपसातल्या नात्याची. अकुशल मजुराचा रोज दोन चांदीची नाणी आहे, तर प्रवासातला एका दिवसाचा शिधा पाच नाण्यांचा आहे. म्हणजे हमालाला दिवसभर राबवण्यापेक्षा त्याला जेवू घालणे अडीच पट महाग पडते. त्याच यादीत गहू मात्र पौंडाला एक तांब्याचे नाणे या भावाने मिळतो, म्हणून तो हमाल दिवसाच्या मजुरीत नऊ किलो गहू किंवा दहा कोंबड्या घेऊ शकतो. कोंबडी दोन तांब्याच्या नाण्यांना, बकरी एका मोहरेला आणि गाय दहा मोहरांना आहे. तेव्हा एका बकरीला पन्नास आणि एका गाईला पाचशे कोंबड्या पडतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असा सौदा कोणी बोलून दाखवला तर लोक त्याच्याकडे काळजीने पाहतील.

शिडीचा किस्सा या खेळाच्या जुन्या मंडळींना ठाऊक असतो. तिसऱ्या आवृत्तीत दहा फुटी काठी दोन चांदीच्या नाण्यांना आणि दहा फुटी शिडी पाच तांब्याच्या नाण्यांना होती, त्यामुळे शिडी घेऊन पायऱ्या काढून टाकल्या की आठपट किमतीच्या दोन काठ्या हाती येत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत काठी पाच तांब्याची आणि शिडी एका चांदीच्या नाण्याची करून ही फट बुजवली गेली. पण तिथे शिडीचा भाव बरोबर दोन काठ्यांइतकाच आहे, म्हणजे पायऱ्या फुकट आणि सुताराची मेहनतही फुकट.

लोखंडाकडे वळल्यावर गोंधळ आणखी वाढतो. पौंडभर लोखंड एका चांदीच्या नाण्याला मिळते आणि लांब तलवार तीन पौंडांची आहे, तरी तलवार घडवण्याच्या नियमाप्रमाणे तिच्या पंधरा मोहरांच्या किमतीच्या निम्मा, म्हणजे साडेसात मोहरांचा कच्चा माल लागतो. तीन नाण्यांचे लोखंड पंचाहत्तर नाण्यांचे कसे होते, हे लोहाराला विचारावे तर तो नियमपुस्तकात राहत नाही.

एवढे सगळे मांडूनही मी नियमपुस्तकाला दोष देणार नाही. या यादीचे काम पहिल्या पातळीच्या पात्राला पन्नास-शंभर मोहरांत काय झेपेल आणि काय झेपणार नाही, हे ठरवण्याचे आहे, आणि ते काम ती नेटके करते. तिच्यातून एखाद्या गावाचा संसार चालवायला मीच निघालो होतो. चाळीस घरांत प्रत्येकी एक कमावता आणि वर्षाला तीनशे कामाचे दिवस धरले, तर छापील मजुरीने अख्ख्या गावाची वर्षाची कमाई २,४०० मोहरा होते. माझ्या खेळाडूंनी त्या गावाची अडीच वर्षांची कमाई एका कळशीतून आणली होती.

दोन उपाय जे चालले नाहीत

पहिला उपाय कोणालाही सुचेल असा होता. गावात अचानक सोने आले तर महागाई होणार, म्हणून सहाव्या बैठकीत मी सगळे भाव पाच पटींनी वाढवले. खेळाडूंकडे पैसा होताच, त्यांनी थोडी घासाघीस केली आणि दिला. चिलखते अजूनही कुठून तरी प्रकट होत होती, फक्त आता ७५० मोहरांना. शिवाय खाजनवाल्या तरुणाने विचारले की तांदूळ पाच पट झाला असेल तर गावातली ज्यांच्याकडे मोहरा नाहीत ती माणसे आज रात्री काय जेवणार, आणि मी वहीत पाहिल्यासारखे केले.

दुसरा उपाय उलट्या टोकाचा होता. मी १४० वस्तूंचा तक्ता केला, त्यात ऋतूप्रमाणे, अंतराप्रमाणे आणि साठ्याप्रमाणे गुणक घातले आणि तो लॅपटॉपवर उघडून बसलो. हिशेब बरोबर येत होता. एका सुऱ्याचा भाव काढेपर्यंत औषधविक्रेतीने चहा करून आणला आणि दोन्ही विद्यार्थी मोबाईलमध्ये गेले. तो तक्ता एकाच बैठकीत बाद झाला.

दोन्ही वेळा मी किंमत या एकाच खिळ्यावर हातोडा मारत होतो. भाईंच्या मूळ प्रश्नात किंमत नव्हतीच. त्यांनी ‘केवढ्याला’ असे न विचारता ‘कुठल्या घरात’ असे विचारले होते.

रोज, साठा आणि सराफ

तिसऱ्या खेपेला मी मापाचे एकक बदलले. मोहर बाजूला ठेवून अकुशल माणसाची एका दिवसाची मजुरी, म्हणजे ‘रोज’, हे एकक धरले आणि त्याला धान्याशी बांधले. यासाठी आधार हवा होता, तो अकबराच्या कारभाराची नोंद असलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त मिळाला. तिच्यात साध्या मजुराला दिवसाला दोन दाम आणि गव्हाला मणाला बारा दाम असे दर दिले आहेत. अकबरी मण साधारण २५ किलोंचा होता, तेव्हा मजुराच्या दोन दामांत चार किलोंच्या आसपास गहू येत असे. आग्र्याचा गहू आणि खाडीकाठचा तांदूळ एक नाही हे मान्य करूनही मला हा आकडा पटला, कारण चार किलोंत एक कुटुंब दिवसभर जेवून मीठ-मिरचीपुरते काही उरते आणि नऊ किलोंप्रमाणे ते श्रीमंत होत नाही. म्हणून आमच्या गावात एका रोजाला चार किलो तांदूळ ठरला, कोंबडी अर्ध्या रोजाला आणि उकडा तांदूळ, सुके मासे, मीठ व आमसुले असा प्रवासाचा शिधा पाव रोजाला. तलवारीचे छापील पंधरा मोहरांचे ७५ रोज मात्र मी तसेच राहू दिले, कारण गावात तलवार नव्हतीच.

‘आईन’मधूनच नाण्यांच्या दुसऱ्या एका खोडीचाही उलगडा झाला. अकबराच्या काळी एका रुपयाला चाळीस दाम मिळत. रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा आणि दाम सुमारे एकवीस ग्रॅम तांब्याचा, म्हणजे चांदी वजनाला वजन तांब्याच्या सत्तर पटींहून महाग होती. खेळात ती फक्त दहा पट आहे. हे गुणोत्तर दुरुस्त करायला गेलो असतो तर सगळी नाणीच नव्याने पाडावी लागली असती, म्हणून मी ते सोडून दिले. प्रत्येक चूक सुधारण्याइतके रविवार आमच्याकडे नाहीत.

यानंतर गावाचा साठा लिहिला, आणि खरी मजा इथे आली. एका पानावर गावात प्रत्यक्ष काय आहे ते मी नोंदवले: बावीस नांगर, नऊ होड्या, एक लोहार, एक तेलाचा घाणा, दोन सुतार, विळे-कोयते घरटी दोन-तीन आणि चिलखत शून्य. जाळीच्या एका चिलखताला वीस-तीस हजार कड्या लागतात आणि गावच्या लोहाराकडे नांगराचे फाळ पाजवण्यापलीकडे लोखंड नसते. तेव्हा त्याने दोन मोहरा पाहून हात जोडले आणि कापूस भरून शिवलेले जाड अंगरखे करून देणारी बाई सुचवली. आषाढात आमच्या घराच्या पडवीत टांगलेला कोयता एका रात्रीत तांबूस पडतो, हे पाहत वाढलेला मी असल्यामुळे, पावसाळ्यात लोखंडी जाळी अंगावर घालणाऱ्याने रोज संध्याकाळी तिला खोबरेल चोळले नाही तर आठवड्याला तिचा संरक्षणाचा एक गुण कमी होईल, असा नियमही त्याच वेळी घातला. खेळाडूंनी अंगरखे घेतले.

तेलाचे मात्र उलट झाले. साठ कुप्यांचे २८ लिटर तेल होते आणि लिटरभर खोबरेलाला ढोबळमानाने आठ-दहा नारळ लागतात. अडीचशे-तीनशे नारळ त्या गावाला जड नव्हते, आणि मे महिन्याच्या उन्हात खोबरे वाळवून झालेले असल्यामुळे घाण्यावर तीन दिवसांत तेल निघाले.

दोराची गोष्ट सर्वांत लांबली. त्या किनाऱ्यावर दोर म्हणजे काथ्या, आणि काथ्या म्हणजे नारळाची सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात कित्येक महिने कुजवायची, बडवायची, धुवायची आणि मग हाताने वळायची. ज्येष्ठात मागितलेला नवा दोर पुढच्या वर्षी मिळतो. गावात तीनशे फूट दोर होता, पण तो होड्यांच्या नांगरांना आणि विहिरींच्या रहाटांना बांधलेला होता. पाच मोहरांना एक दोर असा भाव खेळाडूंनी लावला तेव्हा दोन होडीवाल्यांनी आपले दोर सोडून दिले, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या आणि त्या आठवड्यात गावात मासळी कमी आली. हे मी आधी ठरवले नव्हते. साठ्याच्या पानावर दोरासमोर ‘होड्या’ असे लिहिलेले होते म्हणून ते आपोआप घडले.

उरले सुटे. गोव्याच्या इतिहासात या प्रश्नाचे तयार उत्तर आहे. गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकेर्कने १५१० मध्येच गोव्यात टांकसाळ घातली होती, तरी पुढे त्याच शतकात १५८३ पासून काही वर्षे गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटन या डच माणसाने लिहून ठेवले आहे की रस्त्यांच्या कोपऱ्यांवर सराफ बसलेले असत आणि खरे-खोटे नाणे नुसत्या पारखीने ओळखण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. पाच टांगांचा एक शेराफिम, म्हणजे तीनशे रेइस, असा तिथल्या नाण्यांचा हिशेब कागदावर सरळ असला तरी बाजारात चांगले नाणे आणि हिणकस नाणे असा भेद सौद्यातच बोलला जाई. माझ्या गावात मी आठवडी बाजाराला येणारा एक सराफ आणला. त्याने नागाखालची मोहर कसाच्या दगडावर घासली, ठसा ओळखीचा नाही म्हणून दहाला एक बट्टा सांगितला आणि पुढे शांतपणे म्हणाला की त्याच्या थैलीत आठवड्याला चाळीस मोहरांपुरतीच चांदी असते. विद्यार्थ्याने भागाकार केला: सहा हजार मोहरा मोडायला १५० आठवडे, जवळजवळ तीन वर्षे. भाई त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसले.

हमाल आणि बांध

आता हमालांकडे येतो, कारण प्रकरण तिथेच बिघडले.

शिध्याचे वजन माणशी दिवसाला सुमारे ९०० ग्रॅम आहे. पंधरा माणसे, वीस दिवस, म्हणजे २७० किलो. नियमाप्रमाणे सामान्य ताकदीचा माणूस १५० पौंड, म्हणजे ६८ किलो, वेग कमी न होता उचलतो. घाटाची वाट चढलेल्या कोणालाही हा आकडा खरा वाटणार नाही. मी माणशी २५ किलो धरले. दहा हमाल २५० किलो नेणार, म्हणजे निघताना त्यांच्या पाठीवर शिध्याशिवाय काहीच बसत नव्हते आणि त्या शिध्यातला दोन तृतीयांश भाग त्यांच्याच पोटात जाणार होता. खेळाडूंनी या गणितावर अर्धा तास घालवला, आणि तो खेळातला सर्वांत चांगला अर्धा तास होता असे माझे प्रामाणिक मत आहे: कोणी शिधा वाटेत पुरून ठेवण्याची कल्पना मांडली, कोणी खाडीतून वरपर्यंत होडीने जाण्याची, कोणी हमाल कमी करण्याची.

शेवटी त्यांनी दहाच हमाल घेण्याचे ठरवले आणि दिवसाला पाच रोज मजुरी जाहीर केली. गावच्या म्हाताऱ्या गावकाराच्या तोंडून मी त्यांना सांगितले, ‘‘बाबांनो, हे बांधाचे दिवस. पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी, भरायचे आहे, बांधाला माती घालायची आहे. पाऊस पडला की हवे तितके गडी न्या.’’ औषधविक्रेतीने सुचवले की मग ती खाजनेच आपण विकत घेऊ, म्हणजे बांध आपला होईल. गावकाराने सांगितले की जमीन गावकारीची, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेची, आहे, ती मुदतीच्या लिलावाने कसायला मिळते, विकत कोणालाच मिळत नाही. सोने चालत नाही अशी ती गावातली पहिली जागा होती, आणि मला वाटले खेळाडू तिथे थबकतील. पण पाच रोजांची हाक दहा तरुणांनी ऐकली होती.

माझ्या वहीत त्या रात्री मी लिहिले की सगळे हात कामाला असतील तर उधाणाला बांध फुटण्याची शक्यता वीसात एक, आणि दहा गडी नसतील तर वीसात पाच. मोहीम वीस दिवसांची होती. अमावास्येच्या उधाणाला मी सर्वांसमोर वीस बाजूंचा फासा टाकला, पण तो कशासाठी हे सांगितले नाही. चार पडले.

खेळाडू दुसऱ्या लेण्यातून यशस्वी होऊन परतले तेव्हा खाजनांत खारे पाणी उभे होते. नुकतेच रुजलेले कोरगुट भात त्या पाण्यात गेले होते. कोरगुट खारेपणाला चिवट असते, पण उभ्या समुद्राला नाही. हमालांच्या घरी २० दिवसांचे प्रत्येकी १०० रोज, म्हणजे २० मोहरा होत्या आणि तांदूळ नव्हता. एका हमालाच्या बायकोने त्यातली एक मोहर पात्रांच्या पुढ्यात ठेवून म्हटले, ‘‘ही शिजते का, ते सांगा.’’ ते वाक्य मी ऐनवेळी बोललो होतो आणि बोलल्यावर टेबलाभोवती कोणी काही बोलले नाही.

मग खाजनवाला तरुण बोलला, आणि तो चिडलेला होता. त्याचे म्हणणे असे की त्याच्या घरी बांध फुटण्याची भीती लहानपणापासून ऐकलेली असल्यामुळे त्याला गावकाराचे बोलणे कळले होते, पण बाकी चौघांना ते शोभेचे वाक्य वाटले असणार. फाशाचा आकडा लपवून मी त्यांना अर्थशास्त्राच्या नावाखाली शिक्षा दिली. विद्यार्थ्यांचे मत वेगळे होते: बाण कुठून येणार हे आधी सांगत नाहीत, मग पाणी कुठून येणार हे का सांगायचे? मी या वादात तरुणाच्या बाजूचा आहे. सापळा शोधायला खेळाडूंकडे नियम आहेत, त्यासाठी ते फासा मागू शकतात. बांधाकडे पाहून तो किती टिकेल हे ओळखण्यासाठी मी त्यांना कोणतेच साधन दिले नव्हते. वीसात पाच हा आकडा गावकाराने त्यांना आपल्या भाषेत, ‘‘चार वर्षांत एकदा फुटेल असा बांध आहे हा,’’ असा सांगायला हवा होता. त्यानंतरही त्यांनी हमाल नेले असते, तर ते त्यांचे होते. पुढच्या बैठकीपासून साठ्याचे पान मी टेबलावर उघडे ठेवतो; दोरासमोर ‘होड्या’ आणि हमालांसमोर ‘बांध’ असे लिहिलेले सगळ्यांना दिसते.

भाव मात्र मी पुन्हा कधी बदलले नाहीत. रोज चार किलोंचा आहे तो आहे.

सध्या गट बांध दुरुस्त करण्याच्या खटपटीत आहे. हिशेब भाईंनी केला: चाळीस घरांतून प्रत्येकी दोन माणसे, तीस दिवस, म्हणजे २,४०० रोज, छापील चलनात ४८० मोहरा. कळशीत त्याहून दहापट सोने आहे. पण गावकारीने सभा घेऊन ठरवले आहे की मजुरी मोहरांत घ्यायची नाही, तांदळात घ्यायची, कारण सराफ पावसात येत नाही आणि तांदूळ गावात नाही. २,४०० रोजांचे ९,६०० किलो तांदूळ होतात. तो वरच्या अंगाच्या पेठेत मिळेल, तिथला व्यापारी मोहर घेईल, बट्टा कापून का होईना. गावातल्या मोठ्या होडीत एक टन माल बसतो, म्हणजे भरल्या खाडीतून दहा खेपा. ती होडी नांगराचा दोर विकून किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दोघांपैकी एकाची आहे, आणि तो दोर खेळाडूंनी दुसऱ्या लेण्याच्या विहिरीत तसाच लोंबता सोडला आहे.